मुलींना आधी विचारलंत का?

पत्राचा सारांश (नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत) : नागपूरच्या दक्षिण टोकाच्या एका लेआऊटमध्ये राहणाऱ्या ४४ वर्षांच्या गृहिणीने हे पत्र लिहिलं आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या गल्लीतली १६ वर्षांची मुलगी रात्री साडेआठला ट्युशनहून परत येत होती. बाईकवरची दोन मुलं चार दिवस तिच्या मागे येत होती. पाचव्या दिवशी नाल्याजवळच्या मोकळ्या प्लॉटपाशी त्यांनी तिची ओढणी ओढली. वडील पोलिसांत जायला तयार नाहीत, 'पोरीचं नाव होईल' म्हणतात. आणखी दोन मुलींची संध्याकाळची बॅच घरच्यांनी बंद केली. रविवारच्या बैठकीत पाच ठराव झाले : दहा तरुणांची काठ्या घेऊन गस्त, वर्गणीतून आठ कॅमेरे आणि एक टीबीची हार्ड डिस्क, लेआऊटच्या तोंडाशी गेट, कोपऱ्यावरचा पानठेला हटवणे आणि मुलींनी सातपर्यंत घरी येणे. बैठकीला एकही मुलगी नव्हती. पत्रलेखिकेला महिला समितीची प्रमुख केलं आहे. त्या विचारतात : 'सगळं चांगल्यासाठीच आहे, पण मनाला खटकतंय. सुरुवात कुठून करू?' आणि शेवटी एक ओळ : 'आमच्याच फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या माळ्यावर एका बाईला नवरा मारतो, सगळ्यांना ऐकू येतं, पण तो घरचा मामला आहे.'

ताई,

तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. प्रत्येक ठरावाला एकच प्रश्न लावून बघा : हे झाल्यावर मुलगी आजच्यापेक्षा मोकळेपणाने बाहेर पडेल, की तिचं बाहेर पडणं आणखी आवळलं जाईल? सातपर्यंत घरी यायच्या ठरावाचं उत्तर तर लगेच मिळतं. नागपुरात डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमाराला. म्हणजे हिवाळ्यात सहाची ट्युशनही अंधारातच सुटते. मग पुढच्या वर्षी सातचे साडेपाच करणार का? गुन्हा त्या दोन मुलांनी केला आणि बॅच तीन मुलींची मोडली. बैठकीत हे कुणी बोललं नसेल, तर ते तुम्ही बोला.

आता आधी त्या मुलीचं बघू, कारण ते लांबवण्यासारखं नाही.

ती १६ वर्षांची आहे, म्हणजे २०१२ चा पॉक्सो कायदा (अठराखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) लागू होतो. लैंगिक हेतूने मुलीचा वारंवार पाठलाग करणं हा या कायद्यात लैंगिक छळ आहे, आणि ओढणी ओढली तेव्हा अंगाला हात लागला असेल तर कलम आणखी कडक होतं. या कायद्याचं कलम १९ फार कमी लोकांना माहीत असतं : असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं आहे, त्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणजे बैठकीला बसलेल्या सगळ्यांवर ही जबाबदारी आहे, तुमच्यावरही. 'मुलांच्या बापांना बोलावून आपसात मिटवू' असं कुणी सुचवलं तर त्याला हे शांतपणे सांगा. वडिलांना मात्र हे धाक म्हणून सांगू नका. 'आता हा निर्णय तुमच्या एकट्याच्या डोक्यावर नाही' या भाषेत सांगा, म्हणजे त्यांचं ओझं थोडं उतरेल.

त्यांच्या भीतीलाही उत्तर आहे. पॉक्सोत मुलीचं नाव, फोटो, घर, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायला किंवा पसरवायला बंदी आहे. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेशात न येता. दारात पोलिसांची गाडी आणि खाकी कपडे पाहून गल्ली जमेल ही त्यांची धास्ती असेल, तर ठाण्यात आधी फोन करून 'साध्या कपड्यात या' असं सांगायचा त्यांना हक्क आहे. खरी बदनामी बहुतेक वेळा लेआऊटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. 'अमक्यांच्या मुलीसोबत झालेला प्रकार' असा मेसेज आजही तिथे असेल. ज्याने टाकला त्याच्याकडून तो आजच सगळ्यांसाठी डिलीट करून घ्या.

ठाण्यात जाण्याआधी एका वहीत उतरवून काढा : पाचही दिवसांच्या तारखा आणि वेळा, जागा (जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक टाका), गाडीचा रंग, नंबरातले आठवतील तेवढे आकडे, मुलं काय बोलली ते जसंच्या तसं, शिवीसकट. नागपुरात एमएच ३१, ४० आणि ४९ अशा तीन मालिकांच्या गाड्या सर्रास दिसतात, त्यामुळे सुरुवातीचे आकडे आठवले तरी शोध सोपा होतो. ओढणी अजून धुतली नसेल तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको, त्यात ओल धरते.

'ही आमची हद्द नाही' असं ठाण्यात ऐकायला मिळण्याची शक्यता शहराच्या टोकाच्या तुमच्या भागात जास्त आहे. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवणं बंधनकारक आहे. याला झिरो एफआयआर म्हणतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच घेतली नाही तर तीच तक्रार लेखी करून पोलीस उपायुक्तांकडे टपालाने पाठवा, आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एकटं जायचं नसेल तर पोलिसांच्या भरोसा सेलची (महिला आणि मुलांच्या मदतीचा कक्ष) मदत मागा, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील घ्या. महिलांना तो उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो, फोन १५१००.

'नुसतं मागे तर येत होते' असं म्हणणाऱ्यांना हिंगणघाटची आठवण करून द्या. ३ फेब्रुवारी २०२० ला तिथे भर चौकात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून दिलं आणि आठवडाभराने नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. पेटवणारा त्याआधीपासून तिच्या मागे लागलेला होता. मुलगी अठराच्या वरची असेल तर पाठलागाला भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आहे पण गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा मुलगा संध्याकाळी सुटून आला म्हणून 'काही उपयोग नाही' असं म्हणू नका. पुन्हा दोषी ठरला तर गुन्हा अजामीनपात्र आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पहिली नोंदच नसेल तर 'पुन्हा' हा शब्द कागदावर येणार कुठून?

हे सगळं करण्याआधी मुलीशी बोला, आईसमोर आणि एकदा आईविना. 'तू त्या रस्त्याने का गेलीस' हा प्रश्न चुकूनही नको. तिला तीनच गोष्टी विचारा : आत्ता तुला कशाची भीती वाटते, पुढे काय व्हावं असं वाटतं, आणि ट्युशनला परत जायचं आहे का.

या शेवटच्या प्रश्नापाशी तुमच्या समितीचं खरं काम सुरू होतं. मुली सांगत नाहीत, अशी पालकांची तक्रार असते. त्या का सांगतील? पहिल्या मुलीने सांगितलं आणि दोन मैत्रिणींची बॅच गेली, हे लेआऊटमधल्या प्रत्येक मुलीने पाहिलं आहे. यापुढे कुणाच्या मागे बाईक लागली तर ती घरी एक शब्द काढणार नाही. म्हणून समितीचा पहिला ठराव हा करा आणि आई-वडिलांच्या सह्या घ्या : मुलीने काहीही सांगितलं तरी तिची ट्युशन, फोन किंवा गाडी बंद होणार नाही. यावर सह्या मिळवायला तुम्हाला कॅमेऱ्याच्या वर्गणीपेक्षा जास्त घरं फिरावी लागतील. फिरा.

सह्या झाल्या की मुलींना एकत्र बसवा, आया आणि काकू बाहेर. दोन मोठे चार्टपेपर घ्या, दोन्हींवर लेआऊटचा नकाशा हातानेच काढा : गल्ल्या, नाला, मोकळे प्लॉट, ट्युशनची घरं, बसथांबा, किराणा, मंदिर, विहार, पानठेला. एकावर 'दिवस' लिहा, दुसऱ्यावर 'रात्र'. मग टिकल्यांची दोन पाकिटं द्या, लाल आणि हिरवी. जिथे नको वाटतं तिथे लाल, जिथे बरं वाटतं तिथे हिरवी. कोणी कुठे लावली ते विचारायचं नाही. अर्ध्या तासात लाल टिकल्यांचे पुंजके दिसायला लागतात, आणि ते बैठकीतल्या पुरुषांना वाटलं होतं तिथेच असतील असं नाही. मंदिरामागचा बोळ, जिमच्या बाहेरचा कट्टा, एखाद्या शिक्षकाच्या घराचा जिना अशा जागांवरही टिकली पडू शकते. शेवटच्या प्रकारची टिकली दिसली तर ती नकाशावर ठेवून पुढे जाऊ नका, त्या मुलींशी वेगळं बोला. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीतले असतात. गेट लावून बाहेरचा अडेल, ओळखीचा आतच असतो.

असाच नकाशा घरकाम करणाऱ्या बायकांकडून करून घ्या. त्या सकाळी सहाला येतात, संध्याकाळी अंधारात जातात, आणि त्यांच्या टिकल्या वेगळ्याच जागी पडतील.

मग पायी पाहणी करा. ही पद्धत टोरोंटोतल्या मेट्रॅक संस्थेने १९८९ मध्ये बसवली. आपल्याकडे दिल्लीच्या जागोरी या महिला संस्थेने आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या सेफ्टीपिन या मोबाईल अॅपने ती पुष्कळ वापरली आहे. तुमच्यासाठी साधं रूप पुरेल. चार-पाच जणींचे दोन किंवा तीन गट करा, प्रत्येकात एक तरी शाळकरी मुलगी, एक वयस्क बाई आणि एक घरकामवाली असावी. वेळ संध्याकाळी साडेसात ते नऊ. वीस जणींचा घोळका करू नका. घोळक्याने गेलं की कुठलीही जागा सुरक्षित वाटते आणि पाहणी खोटी ठरते. दिवसा केलेली पाहणी तर फोटोपुरतीच. दर ५० मीटरवर थांबा, म्हणजे दीड किलोमीटरच्या वाटेवर तीसेक थांबे होतील. प्रत्येक थांब्यावर ० ते ३ गुण द्या : उजेड आहे का, चहूबाजूंनी दिसतं का, कुठल्या खिडकीतून किंवा दुकानातून आपण दिसतो, रस्त्यावर माणसं किती आणि त्यात बायका किती, चालायला जागा आहे का, ऑटो किंवा बस किती जवळ, मदतीला धावत जायचं तर कुठल्या दारात. आणि शेवटचा प्रश्न नुसता मनाचा : इथे एकटी थांबशील का?

उजेडाची परीक्षा लक्स मोजून करायची गरज नाही. एक जण दहा मीटरवर, म्हणजे साधारण पंधरा पावलांवर उभी राहते. तिचा चेहरा ओळखू येतो की नुसती आकृती दिसते? नुसती आकृती दिसत असेल तर दिवा असूनही उजेड नाही असं लिहा. यातूनच दिव्यांचं खरं दुखणं कळतं. वस्तीतल्या खांबांमध्ये साधारण २५ ते ३० मीटर अंतर असतं, त्यामुळे एक दिवा गेला की ५०-६० मीटरचा सलग काळोख होतो. पुष्कळदा दिवा चालू असतो पण गुलमोहराच्या फांदीत अडकलेला. आणि एखाद्या घरमालकाने चांगल्या मनाने लावलेला हॅलोजन डोळ्यावर येतो, त्याच्यामागे उभा माणूस अजिबात दिसत नाही. तो खाली झुकवला तर फुकटात काम होतं.

तक्रार कशी करायची, तर एका पानावर तक्ता : खांब क्रमांक, खूण, काय बिघाड (बंद, लुकलुकतो, फांदीआड, खांबच नाही), तारीख. 'आमच्या भागात अंधार आहे' असा अर्ज फायलीत पडून राहतो. खांबाचा क्रमांक असलेल्या अर्जावर लाईनमनला पाठवता येतं. पण दिवा कुणाचा, हे आधी ठरवा. तुमच्या बाजूला एक गल्ली महापालिकेत, दुसरी नागपूर सुधार प्रन्यासकडे, पुढचा भाग नगरपंचायतीत किंवा एनएमआरडीएकडे (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) असं सहज असतं, आणि अर्ज महिनाभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. लेआऊटच्या मंजुरीचे कागद सोसायटीकडे किंवा जुन्या प्लॉटधारकांकडे असतात, त्यावरून कळेल. महापालिकेचा भाग असेल तर झोन कार्यालयाच्या विद्युत विभागात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. फांद्यांसाठी वेगळा अर्ज उद्यान विभागाकडे. वृक्ष संरक्षणाच्या १९७५ च्या राज्य कायद्यामुळे विनापरवाना छाटणी केली तर उलट तुम्हालाच नोटीस येईल. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, तरीही काही नाही तर माहितीच्या अधिकारात 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, रोजनिशीची प्रत द्या' एवढंच विचारा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. अनेकदा उत्तर येण्याआधी दिवा लागतो. मोकळ्या प्लॉटच्या मालकाला झाडोरा काढून कुंपण घालण्याची नोटीस द्या, अशी मागणी त्याच पानावर जोडा.

पानठेला हटवू नका. तिथे खर्रा घोटत मुलं उभी असतात, त्यांच्यासमोरून जाताना मुलींना अंग चोरावं लागतं, हे खरं आहे. पण रात्री नऊला त्या कोपऱ्यावर उजेड आणि जागा माणूस तेवढाच आहे. तो गेला की कोपरा पूर्ण मेला. ठेलेवाल्याशी तुम्ही आणि आणखी दोघी जाऊन बोला : बाकडं रस्त्याच्या कडेपासून मागे घे, समोर एक दिवा लाव, कुणी छेड काढली तर त्याला उभं करायचं नाही, आणि तुझा नंबर मुलींकडे राहील. बहुतेक ठेलेवाले ऐकतात, त्यांना धंदा करायचा असतो. शेजारी संध्याकाळी भाजीची किंवा आलुबोंड्याची एखाद्या बाईची गाडी लागली तर त्याहून चांगलं. बायका उभ्या दिसल्या की बायका थांबतात. गेटबद्दल एवढंच सांगते : सार्वजनिक रस्ता आपल्या मर्जीने बंद करता येत नाही, आणि बंद केला तर घरकामाच्या बायकांना नाल्याकडून लांबचा वळसा पडेल.

काठ्यांच्या गस्तीवर मात्र थांबून बोलायला हवं. आपल्या शहराने १३ ऑगस्ट २००४ पाहिलं आहे. कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाचे अत्याचार वर्षानुवर्षं सोसले, त्यांच्या तक्रारींची दाद लागली नाही, आणि शेवटी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जमावाच्या हातून त्याचा जीव गेला. त्या बायकांचा संताप समजू शकतो. पण त्यातून शिकायचं ते हे की तक्रार पहिल्याच दिवशी कागदावर यावी आणि तिचा पाठपुरावा व्हावा, म्हणजे वस्तीवर ती वेळच येऊ नये. काठी हातात आली की पहिल्या आठवड्यात चोर-मवाली सापडत नाहीत, बागेत बसलेली जोडपी सापडतात. मग मुलीचं नाव, बापाचा नंबर, मारहाण, मोबाईलवर व्हिडिओ. पुढच्या महिन्यात मुलींना बाईकवाल्यांइतकीच तुमच्या गस्तीची भीती वाटेल. चुकीच्या पोराला लागलं तर गुन्हा तुमच्या दहा तरुणांवर.

त्या तरुणांचा उत्साह वाया घालवू नका, त्याला दुसरी वाट द्या. ट्युशन सुटायची वेळ साडेसात ते नऊ. या दीड तासात ठरलेल्या चार जागी दोन-दोन माणसं असतील, एक बाई आणि एक पुरुष, खुर्ची टाकून किंवा शतपावली करत. हातात काठी नाही, कुणाला अडवायचं नाही, मुलींना 'कुठे चाललीस' विचारायचं नाही. गाडी दोनदा घिरट्या घालताना दिसली तर नंबर, वेळ, वर्णन वहीत. मुलीला त्रास होताना दिसला तर पोलिसांच्या ११२ वर फोन. महिन्याला एका माणसाच्या वाट्याला दोन-तीनच संध्याकाळी येतील असं वेळापत्रक करा. रोजची पाळी लावलेले गट पंधरा दिवसांत थकतात. ही वही महिन्यातून एकदा बीट अंमलदाराला दाखवा आणि त्याच जागी, त्याच वेळी महिला पोलिसांच्या दामिनी पथकाची फेरी मागा. वेळ-जागेचा कागद हातात असेल तर फेरी मिळण्याची शक्यता वाढते. ठाण्याच्या महिला दक्षता समितीत तुमच्यातल्या एकीचं नाव द्या.

समोर छेडछाड होत असेल तर काय करायचं, याचा सरावही हवा. बघणारी माणसं वाईट नसतात, गोंधळतात. सगळ्यात सोपं म्हणजे त्या मुलांकडे न बघता मुलीशी बोलणं : 'अगं, तू इथे आहेस होय, चल, आई वाट बघतेय.' ओळख नसली तरी चालतं, तिला कळतं. ते जमत नसेल तर दुसऱ्याला हाक मारा, ठेलेवाल्याला, ऑटोवाल्याला. एकजण नंबर टिपेल किंवा रेकॉर्ड करेल, पण ती क्लिप त्या मुलीच्या हाती द्यायची, ग्रुपवर नाही. प्रसंग टळल्यावर तिला विचारायचं, 'सोबत येऊ का, कुणाला फोन करू?' थेट दम देणं सर्वांत शेवटी, आणि चार माणसं जवळ असतील तरच. हे महिनाभर तीन-चार वेळा खोटंखोटं करून बघा, बायका आणि मुलं मिळून. तोंडातून शब्द निघायची सवय लागते.

आणि मुलग्यांशी बोला. आठ-दहा जणांचा गट, पाऊण तास, त्यांचा कबड्डीचा किंवा जिमचा प्रशिक्षक सोबत. 'आपल्या बहिणींचं रक्षण करा' हे भाषण नको, त्यातून पुन्हा पहाराच निघतो. त्यांना विचारा : तुमचा मित्र एखाद्या मुलीच्या मागे गाडी घालतो तेव्हा मागच्या सीटवर बसलेला काय करतो? त्या दिवशी बाईकवर दोघे होते. दुसरा 'थांबव' म्हणाला असता तर?

आता कॅमेरे. मी नको म्हणत नाही, पण आठ कॅमेरे आणि एक टीबीचा तुमचा ठराव बघता पैसे पाण्यात जातील. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण दोन एमबीपीएसने चालला तर दिवसाला २१-२२ जीबी खातो. आठ कॅमेऱ्यांचे झाले १७० च्या वर. एक टीबीची डिस्क पाच-सहा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. इकडे त्या मुलीचे वडील तीन आठवडे विचारच करत होते. चारच कॅमेरे आणि चार टीबीची डिस्क घ्या, महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील. चेहरा ओळखण्यासाठी एका मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात, म्हणजे ४ मिमी लेन्सच्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्यात सहा-सात मीटरपर्यंतच चेहरा मिळतो. कॅमेरा दहा फुटांवर हवा, खांबाच्या शेंड्यावर लावला तर नुसती डोकी आणि हेल्मेट दिसतात. गाडीच्या नंबरसाठी अरुंद लेन्सचा एक कॅमेरा वेगळा, रस्ता अरुंद होतो तिथे, नाहीतर रात्री हेडलाईटचा पांढरा गोळाच दिसतो. यूपीएस जोडा. रेकॉर्डरचं घड्याळ दर महिन्याला मोबाईलशी जुळवा, वीस मिनिटं चुकलेलं घड्याळ न्यायालयात अख्ख्या पुराव्यावर शंका आणतं. पोलिसांना क्लिप देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना ठाण्यातून आधीच आणून ठेवा.

फुटेज कोण बघणार, हे लेन्सइतकंच महत्त्वाचं. पासवर्ड दोघांकडे, त्यातली एक बाई. तक्रार असेल तेव्हाच, दोघांनी मिळून, नोंदवहीत लिहून बघायचं. कुणाच्याही मोबाईलवर थेट चित्र नको. नाहीतर 'अमक्यांची मुलगी काल दहाला आली' हे कळायला कॅमेरे लावल्यासारखं होईल.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २९.३ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. तिसऱ्या माळ्यावरचा आवाज समितीच्या कामाबाहेर ठेवला, तर लेआऊटमधल्या मुली त्यातूनही काहीतरी शिकत आहेतच.

तो घरचा मामला नाही, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे कोणीही शेजारी संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मारहाण चालू असताना बेल वाजवा. विरजण मागा, पाणी येतंय का विचारा, काहीही. दोघी जा. तेवढ्याने ती वेळ अनेकदा टळते. मात्र नवऱ्याला जाब विचारायला माणसं पाठवू नका, दार बंद झाल्यावर त्याचा हिशोब तीच चुकवते. जीवावर बेतलंय असं वाटलं तर ११२.

तिच्याशी एकटीशी बोला, गच्चीवर कपडे वाळत घालताना, भाजी घेताना. 'सोडून का देत नाहीस' हे पहिलं वाक्य नको. 'मला ऐकू येतं, यात तुझी चूक नाही, तुला काय हवंय' एवढं पुरे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाईन आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, कायद्याची आणि पोलिसांची मदत एका छताखाली मिळते आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा असतो. न्यायालयातून तिला त्याच घरात राहण्याचा आणि त्याला दूर ठेवण्याचा आदेश मागता येतो. एक गोष्ट आवर्जून विचारा : त्याने कधी गळा दाबला आहे का? दाबला असेल तर बाहेर खूण नसली तरी तिला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या, आतली सूज नंतर वाढू शकते. शिवाय पुढे जीव जाण्याचा धोका ज्या खुणांवरून ओळखतात, त्यांतली ही एक अत्यंत गंभीर खूण आहे.

ती आज काहीच करणार नाही म्हणाली तरी रागावू नका. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, रोजची औषधं, थोडे पैसे आणि घराची एक जादा किल्ली एका पिशवीत भरून ठेवायला सांगा. पिशवी तुमच्याकडे ठेवायची की माहेरी, ते तिला विचारा.